पट्टीला काय लागतं

हे पुस्तक वाचायला बसण्याआधी स्वयंपाकघरातून स्टीलचा एक मोठा चमचा घेऊन या. भात वाढायचा, कड गोल झालेला. डाव्या हाताच्या पालथ्या बाजूला, कोपराच्या चार बोटे खाली, खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळा. आता उजव्या हाताचे मधले बोट तिथून मनगटाच्या दिशेने सावकाश सरकवा. मऊ, कोमट काहीतरी लागेल, त्यापलीकडे फारसे नाही. मग चमच्याची कड थोडी तिरपी धरून त्याच वाटेने जा. जोर लावू नका. दुधावरची साय बाजूला करताना लावतो तेवढाच पुरे. दोन-तीन फेऱ्यांत एखाद्या ठिकाणी कड किंचित अडखळेल आणि एक बारीक खरखर दांड्यातून तुमच्या बोटांत येईल. बोट मघाशी याच जागेवरून गेले होते आणि त्याला पत्ता लागला नव्हता.

गवंड्याला हे सांगावे लागत नाही. थापीखाली खडा आला की तो बघतसुद्धा नाही, बोलता बोलता काढून फेकतो. बोटाची गादी मऊ असते, बारीक कंपने ती स्वतःच जिरवून टाकते. धातू मात्र आलेले कंपन तसेच्या तसे पुढे पोचवतो. हाताच्या त्वचेत खोलवर, कांद्यासारखे पापुद्रे असलेले, पॅसिनियन कॉर्पसल नावाचे संवेदक असतात. सेकंदाला २०० ते ३०० या वेगाची कंपने त्यांना सगळ्यांत चांगली कळतात. ‘टूल हातात घेतलं की एकदम जास्त कळायला लागतं’ असे विद्यार्थी म्हणतात, ते या कांद्यांच्या भरवशावर.

हातात धरायच्या टूलने स्नायू, टेंडन, लिगामेंट, त्यांच्यावरचे फॅशिया हे आवरण आणि जुन्या जखमांचे व्रण यांवर काम करण्याच्या पद्धतीला इन्स्ट्रुमेंट असिस्टेड सॉफ्ट टिश्यू मोबिलायझेशन म्हणतात, लघुरूपात आयएएसटीएम. हे नाव तोंडात बसायला आठवडा लागतो. पेशंट एवढे कष्ट घेत नाहीत. माझ्याकडे येणारे ‘पट्टी मारून द्या’ म्हणतात. एक आजोबा ‘सुरी’ म्हणायचे, आणि तेही शेजारच्या खाटेवरच्याला ऐकू जाईल अशा बेताने. मी या पुस्तकात बहुतेक ठिकाणी पट्टीच म्हटले आहे.

दुखण्याच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे आणि घोळ घालणारीही आहे. पाय मुरगळतो, कमरेत उसण भरते, मान अवघडते, पोटरीत गोळा येतो, मुका मार बसतो. दुखापत कशी झाली, किती खोल आहे, याचा निम्मा तपशील या क्रियापदांतच असतो. हिस्टरी घेताना पेशंटचे क्रियापद जसेच्या तसे लिहून घ्या, असे मी मुलांना सांगते. पण याच मराठीत ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनी, चेतातंतू, टेंडन आणि ताठरलेला स्नायू या चौघांत मिळून एकच आहे. ‘नसेवर नस चढलीय’ म्हणणाऱ्याला काय झाले आहे, ते त्याने बोट ठेवून दाखवल्याशिवाय कळत नाही. दुसरा शब्द ‘गाठ’. त्याच्यापाशी मी पुढे बराच वेळ थांबणार आहे, कारण आमच्या फिजिओथेरपीच्या धंद्यातली बरीचशी फसवणूक, आणि ती बहुतेकदा प्रामाणिक फसवणूक असते, या एका शब्दातून होते.

आधी घराणे. टूल विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत ही वंशावळ ग्रीसपासून सुरू होते. तिथल्या व्यायामशाळांत खेळाडू अंगाला तेल लावून कुस्ती खेळत आणि मग स्ट्रिजिल नावाच्या वाकड्या धातूच्या पट्टीने तेल, घाम आणि माती खरवडून काढत. लिसिपसने घडवलेल्या अशा एका खेळाडूच्या पुतळ्याची रोमन प्रतिकृती व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. पुतळा देखणा आहे, वाद नाही. पण स्ट्रिजिल हे आंघोळीचे साधन. त्याला उपचाराचा पूर्वज म्हणायचे, तर आपल्या मोरीतल्या वज्रीलाही तो मान द्यावा लागेल.

जवळचे नातेवाईक दुसरीकडे सापडतात. चीनमध्ये तेल लावलेल्या पाठीवर, मानेवर शिंगाच्या किंवा जेडच्या तुकड्याने, नाहीतर चिनी मातीच्या चमच्याने खरवडतात, लाल पुरळ उमटेपर्यंत. त्या पुरळाला ‘शा’ म्हणतात आणि उपचाराला ग्वा शा. व्हिएतनाममध्ये हेच काम नाण्याने करतात. त्यांच्या नावाचा अर्थ ‘वारा खरवडणे’. युद्धानंतर व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत पोचले, तेव्हा मुलांच्या पाठीवरचे लाल पट्टे पाहून आईबाप मुलांना मारतात असा तिथल्या डॉक्टरांना संशय येऊ लागला. ही मारहाण नव्हे, घरगुती उपचार आहे, हे सांगणारा लेख ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात १९७६ मध्ये छापून आला. पुढे २००७ मध्ये आर्या नील्सन आणि सहकाऱ्यांनी ११ निरोगी माणसांवर ग्वा शा करून त्वचेखालचा सूक्ष्म रक्तप्रवाह मोजला. पहिली साडेसात मिनिटे तो चौपट झाला होता. प्रयोग छोटा होता. रक्तप्रवाह वाढला म्हणजे दुखणे बरे झाले, असाही अर्थ नाही. पण खरवडल्याने अंगात काहीतरी मोजता येण्याजोगे घडते, एवढे त्यातून कळले.

या नात्यातली एक वस्तू आपल्या घरात आहे. माझी आजी उन्हाळ्यात आजोबांचे तळपाय तूप लावून काशाच्या वाटीने घासायची. वाटी पालथी धरून टाचेपासून बोटांपर्यंत, न थांबता, बोलत बोलत. थोड्या वेळाने तळव्यावरचे तूप काळे पडायचे आणि आजी म्हणायची, “बघ, किती उष्णता निघाली.” तो काळेपणा धातू आणि तूप एकमेकांवर घासले गेल्याचा. वाटी रिकाम्या लाकडी पाटावर तूप घालून घासली, तरी तूप काळेच होईल. आजोबांना झोप मात्र खरी लागायची. चीनमधला ‘शा’, आजीचे काळे तूप आणि आजच्या क्लिनिकमधली पोटरीवरची लाली, या तिघांत मला एकच खोड दिसते. उपचार झाला याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा माणसाला हवा असतो, आणि पुरावा दिसला की तोच उपचार आहे असे वाटायला लागते. पेशंटला वाटते, आणि त्याहून आधी ते आम्हाला वाटते.

पाश्चात्त्य शाखेचे मूळ लंडनमध्ये आहे. सेंट थॉमस हॉस्पिटलचे जेम्स सिरिअ‍ॅक्स यांनी मृदू ऊतींच्या दुखापतीचे निदान पद्धतशीरपणे कसे करावे हे शिकवले. त्यांच्या पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती १९४७ ची. टेंडन किंवा लिगामेंटच्या धाग्यांना आडवे, खोल घर्षण द्यायचे ही त्यांची पद्धत आजही अभ्यासक्रमात आहे. त्यांचे टूल म्हणजे बोट आणि अंगठा. एका जागेवर दहा-दहा, वीस-वीस मिनिटे. त्या अंगठ्याचे पुढे काय होते, याचा हिशेब बऱ्याच उशिरा झाला. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओंच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ९१ टक्क्यांना कधी ना कधी कामामुळे हाडा-स्नायूंचे दुखणे झालेले होते, आणि दर सहांतल्या एकाने त्यापायी कामाचे स्वरूप बदलले किंवा पेशाच सोडला होता. माझ्या बरोबरच्या तीन मैत्रिणी चाळिशीत अंगठ्याच्या बुंध्याला क्रेप बँडेज बांधून ओपीडी करायच्या. ‘डॉक्टर, तुमच्याच हाताला काय झालं?’ या प्रश्नाला उत्तर काय देणार! आम्ही पट्टीकडे वळलो त्याचे एक कारण शास्त्र नव्हते, अंगठा होता. हे कबूल करायला हरकत नसावी.

आजच्या रूपातल्या पट्टीची गोष्ट अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली. डेव्हिड ग्रास्टन या हौशी खेळाडूचा गुडघा १९८७ मध्ये वॉटर स्कीइंग करताना जायबंदी झाला. पुढच्या उपचारांनी तो पुरेसा वाकेना. हा माणूस मशीनवर काम करणारा. व्रणावर बोटे दाबून दाबून थकल्यावर त्याने स्वतःच धातूची टूल बनवायला घेतली. त्यातून स्टेनलेस स्टीलच्या सहा टूलांचा संच आणि ग्रास्टन टेक्निक हे नाव आले. त्याच भागातल्या मन्सी गावात, बॉल स्टेट युनिव्हर्सिटीच्या आधाराने, १९९० च्या दशकात यावर प्रयोग सुरू झाले. आजही ज्या समजुती वर्कशॉपमध्ये शिकवल्या जातात, त्यातल्या काहींचा जन्म तिथल्या उंदरांच्या पायात आहे.

त्यातला १९९९ चा प्रयोग सगळ्यांत जास्त उद्धृत होतो. गेलसन, गॅनियन आणि हेल्फ्स्ट यांनी ३० उंदरांचे पाच गट केले. टाचेच्या वरच्या, अकिलिस टेंडनमध्ये एन्झाइम टोचून दुखापत घडवली आणि मग हलका, मध्यम आणि फार जोराचा असे तीन दाब वेगवेगळ्या गटांना दिले. सर्वांत जोराच्या दाबाखाली फायब्रोब्लास्ट सर्वांत जास्त दिसले. फायब्रोब्लास्ट म्हणजे कोलॅजनचे धागे विणणाऱ्या पेशी, ऊतींचे कोष्टी म्हणा. बातमी पसरली ती ‘जितका जोर तितके काम’ अशी. पण मोजल्या होत्या पेशी. चालणे सुधारले का, दुखणे थांबले का, हा प्रश्न तिथे नव्हता. शिवाय एन्झाइम टोचून केलेली ताजी इजा आणि वीस वर्षे पोळ्या लाटून झिजलेला कोपर, ही एकच वस्तू नव्हे. रॉबर्ट निर्शल आणि फ्रँक पेट्रोन यांनी १९७९ मध्येच टेनिस एल्बोच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले होते की तिथे सुजेच्या पेशी नाहीत. आहे ते विस्कटलेले, अर्धवट पिकलेले कोलॅजन आणि भरकटलेल्या रक्तवाहिन्या.

मला त्याहून आवडतो तो लोघमानी आणि वॉर्डन यांचा २००९ चा प्रयोग, कारण त्याची मांडणी आपल्या आज्यांना पटेल इतकी साधी आहे. ५१ उंदरांच्या दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूचे लिगामेंट कापले. एका आठवड्यानंतर फक्त एका गुडघ्यावर, आठवड्यातून तीनदा, एकेक मिनिट टूलने आडवे घर्षण दिले. दुसऱ्या गुडघ्याला हात लावला नाही. उंदीर तोच, खाणे तेच, पिंजरा तोच. फरक पडला तर टूलमुळेच. चौथ्या आठवड्यात लिगामेंट ताणून तोडून पाहिले, तेव्हा उपचार केलेले लिगामेंट ४३ टक्के जास्त मजबूत निघाले. पेपरचे हे अर्धे पान सगळ्या जाहिरातींत सापडते. उरलेले अर्धे असे की बाराव्या आठवड्यात दोन्ही गुडघ्यांची ताकद सारखीच होती. म्हणजे लिगामेंट जिथे पोचायचे तिथेच पोचले, जरा लवकर पोचले. खेळाडूला आणि रोजंदारीवरच्या माणसाला हे ‘लवकर’ मोलाचे आहे. पण ‘लवकर’ला ‘जास्त’ म्हणून विकू नये.

आता गाठ. पेशंट खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “इथे गाठ झालीय, फोडून टाका.” फिजिओ पट्टी फिरवतो, खरखर लागते, दोघांना आनंद होतो. पाच मिनिटांनी खरखर कमी लागते, म्हणजे गाठ फुटली. चित्र इतके स्वच्छ आहे की त्यात शंका घेणे रसभंगासारखे वाटते. पण हिशेब करून बघा. २००८ मध्ये चौधरी आणि सहकाऱ्यांनी, हाताने उपचार करताना फॅशियाचा आकार किती बदलू शकतो, याचे गणिती प्रारूप मांडले. मांडीच्या बाहेरच्या अंगाचा जाड फॅशिया नुसता १ टक्का दाबून १ टक्का सरकवायचा, तर उभा दाब सुमारे ९२५ किलो आणि आडवा जोर सुमारे ४६० किलो लागेल. तळपायाच्या फॅशियाचे आकडेही त्याच घरातले, ८५२ आणि ४२४. एक लहान मोटार मांडीवर उभी करून वर ती ढकलायची, तेव्हा कुठे १ टक्का. आणि आपण म्हणतो, दोन बोटांत धरलेल्या पट्टीने आम्ही जुने चिकटलेले धागे तोडतो!

मग पाच मिनिटांत जे मऊ होते, दुखायचे कमी होते, हात थोडा जास्त वर जातो, ते काय? ते खोटे नाही. त्वचेतून, स्नायूंतून मज्जासंस्थेकडे संदेश जातात; ती ताठरपणाची आणि वेदनेची पातळी काही काळ खाली आणते. बियालोस्की आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हाताने करायच्या उपचारांसाठी जी सविस्तर मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे. बाहेरून दिलेला यांत्रिक धक्का हा केवळ सुरुवात करून देतो, पुढचे काम मज्जारज्जू आणि मेंदू करतात. खरखरीबद्दलही बोलायला हवे. दरवर्षी मी वर्गात एकाच मुलाची पोटरी दोघांना वेगवेगळे तपासायला देते आणि ‘गाठ’ लागेल तिथे स्केच पेनने खूण करायला सांगते. एकाने निळ्या, एकाने लाल. निळ्या खुणा एकीकडे, लाल दुसरीकडे. मग दुसरी, न दुखणारी पोटरी तपासायला सांगते. तिथेही खरखर लागते. पट्टीला जे लागते ते खरे असते, पण ते दुखण्याचे कारण आहे की नाही, हे पट्टीला ठाऊक नसते. म्हणून माझ्या मराठीत मी ‘गाठ फोडली’ बंद केले आणि ‘जागा मोकळी केली’ म्हणू लागले. तेही पूर्ण बरोबर नाही, पण कुणाचे नुकसान करत नाही.

नुकसान मी केलेले आहे. या तंत्राचे पहिले वर्कशॉप करून आले, त्याला आता बारा वर्षे झाली. त्याच आठवड्यात पोटरी धरलेला एक कबड्डीपटू आला, विशीतला, दणकट. मी पट्टी लावली. तो म्हणाला, “मॅडम, अजून जोर लावा, आपल्याला काही होत नाही.” माझ्या डोक्यात ते उंदीर होते. मी जोर लावला. दुसऱ्या दिवशी त्याची पोटरी गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत जांभळी झाली होती, आणि कहर म्हणजे तो खूश होता. मित्रांना फोटो पाठवले होते. चवड्यावर मात्र त्याला उभे राहता येत नव्हते; आठवडाभराची प्रॅक्टिस गेली. जखमेवर मी आणखी एक जखम केली होती आणि आम्ही दोघे तिला उपचार म्हणत होतो. त्या आठवड्यात मी ती पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली आणि चार महिने बाहेर काढली नाही. काढली तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या पोटरीवर फिरवली, डोळे मिटून.

पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एका मावशींनी मला पट्टीची खरी जागा दाखवली. उजवा कोपर बाहेरच्या बाजूने दुखत होता. “कधीपासून, मावशी?” “दिवाळीच्या ऑर्डरींपासून, ताई. लाटणं धरवत नाही, फडकं पिळवत नाही.” तांब्या पालथ्या हाताने उचलायला सांगितला, तर चेहरा आक्रसला. पकड मोजायला माझ्याकडे त्या वेळी महागडे यंत्र नव्हते. बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळून त्यात थोडी हवा भरली आणि दुखेपर्यंत दाबायला सांगितले. काटा ७० वर असताना त्यांनी हात सोडला. मग कोपराखालच्या स्नायूंवर तीन मिनिटे पट्टी, हलक्या हाताने, त्यांच्या मनगटाची वरखाली हालचाल चालू ठेवून. पुन्हा काटा पाहिला, १०० च्या पुढे गेला. मावशी म्हणाल्या, “जादूच झाली.” दुसऱ्या खेपेला आल्या तेव्हा म्हणाल्या, “ताई, संध्याकाळच्या ऑर्डरीपर्यंत बरं होतं. मग पुन्हा तसंच.”

या एका वाक्यात या क्षेत्राची सगळी मर्यादा आहे, आणि उपयोगही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुखणे खाली होते, तेवढ्या वेळात काय केले? काहीच नाही, उलट मोकळ्या हाताने जास्त पोळ्या लाटल्या. तिसऱ्या खेपेपासून क्रम बदलला. पट्टी तीनच मिनिटे, आणि हात हलका झाल्या झाल्या पाण्याची एक लिटरची बाटली. बाटली धरून मनगट दुसऱ्या हाताने वर न्यायचे आणि स्वतःच्या ताकदीने हळूहळू खाली सोडायचे, १५ वेळा, तीन फेऱ्या. कणीक तिंबायचे काम मुलाकडे गेले. लाटणे जाड घेतले, म्हणजे मूठ कमी आवळावी लागते. तीन महिने गेले. शेवटच्या महिन्यात पट्टी ड्रॉवरमधून निघालीच नाही.

टेंडनला भार देऊन सुधारता येते, हा विचार रुळवण्यात स्वीडनमधल्या उमेओचे हाकन आल्फ्रेडसन यांचा मोठा वाटा. त्यांनी १९९८ मध्ये अकिलिसच्या जुन्या दुखण्याच्या १५ हौशी धावपटूंना रोज दोनदा, १२ आठवडे, टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम दिला आणि ते सगळे पुन्हा धावू लागले. पुढच्या अभ्यासांत आकडे इतके लखलखीत राहिले नाहीत, पण दिशा टिकली. पट्टीचे पुस्तक लिहिताना व्यायामावर इतकी पाने का, असे विचारतील त्यांना मी मावशींची गोष्ट सांगते.

चाचण्यांचा निकाल काय, हेही आत्ताच सांगून टाकते. कारण चौथ्या प्रकरणात तो सापडल्यावर काही वाचकांना फसवल्यासारखे वाटेल. २०१६ मध्ये चीथम आणि सहकाऱ्यांना आढाव्यासाठी अवघ्या सात यादृच्छिक चाचण्या सापडल्या. सांध्याची हालचाल थोड्या काळापुरती वाढते, याला आधार मिळाला. ठरावीक आजारांवर पट्टी इतरांपेक्षा सरस ठरते, याला मिळाला नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पाठीच्या वरच्या भागातल्या दुखण्याच्या १४३ जणांवर चाचणी झाली. काहींना पट्टी, काहींना मणक्यांचे मॅनिप्युलेशन, काहींना बंद ठेवलेल्या अल्ट्रासाउंड यंत्राचा देखावा. तिन्ही गटांच्या निकालांत फरक पडला नाही. २०१९ चा नाझारी यांचा आढावाही, पुरावा अगदी कमी दर्जाचा आहे आणि नियमित वापराला आधार देत नाही, असेच म्हणतो. हे वाचून ज्यांना हे क्षेत्र सोडावेसे वाटेल त्यांना मी दोष देणार नाही. मी सोडले नाही. पट्टीला एकटीला स्पर्धेत उतरवले की ती हरते; दुसऱ्या कामाची मदतनीस म्हणून ती कशी वागते, हे अजून नीट तपासायचे आहे, आणि ते तपासणारे तुमच्यातून यावेत असे मला मनापासून वाटते. इथे प्रश्न जास्त आहेत आणि माणसे कमी. नवख्या संशोधकाला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

एक काम तर आपल्याशिवाय कुणी करणार नाही. परदेशी पुस्तकांत लिहिलेले असते, त्वचा गुलाबी झाली की थांबा. फोटोतली पाठ गोरी असते. आपल्या गहूवर्णी, सावळ्या, काळ्या पाठींवर गुलाबी रंग दिसत नाही. दिसेपर्यंत थांबलात तर कातडीखाली रक्त साकळलेले असेल. म्हणून आपल्याला रंगावर विसंबता येत नाही. हाताच्या मागच्या बाजूने तिथली ऊब तपासायची, त्वचा घट्ट होत आहे का ते बघायचे, आणि दर अर्ध्या मिनिटाला विचारायचे, ‘गोड दुखतंय की नुसतं दुखतंय?’ हा प्रश्न प्रत्येक मराठी पेशंटला कळतो आणि उत्तर चुकत नाही.

दुसरे, गोळ्या. ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ असे विचारले तर पेशंट नाही म्हणतात. ‘हृदयाची, स्टेंटची, डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेली कुठली बारीक गोळी?’ असे विचारले की पिशवीतून पाकीट निघते. मधुमेह असेल तर तळव्याची संवेदना १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने तपासल्याशिवाय टाचेला पट्टी लावायची नाही. ज्याला लागत नाही तो ‘थांबा’ कसे म्हणेल? पोटरी एकाएकी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर पट्टी खिशात ठेवा आणि शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, ते आधी पाहून घ्या. उघडी जखम, न जुळलेले हाड, जंतुसंसर्ग, कर्करोगाची जागा. ही यादी सहाव्या प्रकरणात कारणांसकट आहे, ती घोकू नका, समजून घ्या. आणि पट्टी धुवा. तेलाचा थर वर असताना जंतुनाशक नुसते वरून घसरते. आधी साबण आणि पाणी, मग जंतुनाशक. गडबडीच्या ओपीडीत हे टाळले जाते, मी पाहिले आहे, मीही टाळले आहे.

हे पुस्तक फिजिओथेरपीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी लिहिले, पण ते तालमीतल्या वस्तादांनी, शाळेच्या पीटीच्या सरांनी आणि स्वतःच्या टाचेला कंटाळलेल्या वाचकांनीही वाचावे. शेवटच्या गटाने फक्त पहिली तीन प्रकरणे वाचावीत आणि मग कुणाला तरी दाखवावे. पहिल्या दोन प्रकरणांत एकही टूल नाही, नुसता हात आहे. ज्यांना घाई आहे ते ती ओलांडून जातील हे मला माहीत आहे. परत येतील तेव्हा ती तिथेच असतील.

‘पहिलं टूल कुठलं घेऊ?’ हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. संच घेऊ नका, एकच घ्या. स्टीलचे, हातात जड वाटणारे, एक बाजू बाहेर फुगलेली आणि एक आत वळलेली. दुकानातच कापसाचा बोळा मागून घ्या आणि कडेवरून सगळीकडून हळू फिरवा. पॉलिश कितीही चकचकीत असो, कुठे एक जरी तंतू अडकला, तरी ते टूल तिथेच ठेवून या.